दक्षिणेचा आकडा

आमच्या ह्यांना कुणी "गुरुजी, किती द्यायचे?" असं विचारलं, की हे छताकडे बघायचे आणि म्हणायचे, "तुमची इच्छा असेल ते द्या." तीस वर्षं पौरोहित्य केलं, सत्यनारायणापासून वास्तुशांतीपर्यंत नगरमधली किती घरं केली त्याची गणतीच नाही, पण स्वतःच्या कामाचा आकडा ह्यांच्या तोंडून कधी बाहेर पडला नाही. मला ह्याचा इतका राग यायचा की सांगता सोय नाही. समोरचा यजमान बिचारा गोंधळायचा, आत जाऊन बायकोशी कुजबुजायचा, मग एक पाकीट यायचं. ते हे उघडतही नसत. घरी आणून माझ्या हातात द्यायचे आणि पाय धुवायला मोरीत जायचे. पाकिटात काय आहे त्याच्याशी आपला काही संबंधच नाही, असा एकंदर थाट.

संबंध माझा होता ना. वाणसामान मी आणायची. पाकिटातून कधी एकवीसशे निघायचे, तर कधी पाचशे एक, आणि तेही तेवढ्याच तासांच्या पूजेचे. पाचशे एक निघाले की माझं डोकं फिरायचं. "अहो, मांडववाला पैसे सांगून घेतो, केटरर ताटामागे सांगून घेतो, आणि तुम्ही चार तास घसा फोडून पाचशे एक?" हे टॉवेलने पाय पुसत म्हणायचे, "दक्षिणा मागायची नसते." हे सासऱ्यांचं वाक्य. सासऱ्यांना जाऊन पंधरा वर्षं झाली, तरी त्या वाक्याला हात लावायची घरात कुणाची टाप नव्हती. माझीसुद्धा नव्हती, आणि मी काही गप्प बसणाऱ्यातली नाही.

मी शिवणकाम करते. सावेडीत आमचं घर आहे, त्याच्या पुढच्या खोलीत माझं मशीन. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेच्या मुलींचे गणवेश. माझ्याकडे सुरुवातीपासून चिठ्ठीची पद्धत आहे. शिलाई इतकी, अस्तर इतकं, हुक आणि कॅनव्हास इतकं, लेस तुम्ही आणली असेल तर तिचे पैसे नाहीत. सगळं ओळीने लिहून खाली बेरीज. आणि उरलेलं कापड, बोटभर पट्टी का असेना, गुंडाळून परत. हे असं का करते, त्यालाही कारण आहे. अगदी पहिल्या वर्षी एक बाई तयार ब्लाउज हातात घेऊन जरा घुटमळली आणि म्हणाली, "पीस चांगला मोठा होता हो, काही उरलं नाही का?" उरलं होतं. मी ते गोधडीसाठी बाजूला टाकलं होतं, सगळ्या शिंपिणी टाकतात तसं. बाई भांडली नाही, फक्त विचारलं. पण मला ते असं झोंबलं की मी कानाला खडा लावला. तेव्हापासून माझी गिऱ्हाइकं घर बदलून केडगावला गेली तरी ब्लाउज माझ्याकडेच टाकतात. ह्याचा मला गर्व होता, खोटं कशाला सांगू. ह्यांना मी ऐकवायचीसुद्धा, "बघा, माझ्याकडे लपवाछपवी नाही."

मग दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर नागापूरचं ते प्रकरण झालं.

नागापूरला एमआयडीसीच्या कडेने नव्या कॉलन्या उठल्यात. कारखान्यांत कामाला असणारी माणसं, कर्ज काढून घेतलेली दोन-दोन खोल्यांची घरं. घर झालं की वास्तुशांती आलीच, त्यामुळे ह्यांना तिकडे बरं काम मिळायला लागलं होतं. पूजेआधी हे यजमानांना सामानाची यादी द्यायचे. यादी सासऱ्यांच्या हातची, तिचीच झेरॉक्स. तांदूळ पाच किलो, गहू पाच किलो, नारळ अकरा, सुपाऱ्या एक्कावन्न, ब्लाउजपीस पाच, टॉवेल दोन, असं बरंच. पूजा झाली की उरलेलं सगळं गुरुजींनी बांधून न्यायचं, हा जुना रिवाज.

त्या दिवशीचे यजमान एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. ज्याचा जन्म वजनकाट्याशेजारी गेला, तो माणूस. पूजा आटोपली, पंक्ती उठल्या, हे गाठोडं घेऊन दाराशी आले, तेव्हा त्या गृहस्थांनी पाहुण्यांसमोर विचारलं, "गुरुजी, पाच किलो तांदूळ आणले होते. मांडणीला दीड लागले, मी बघत होतो. बाकीचे कुठे चालले?"

ह्यांनी गाठोडं तिथेच उंबऱ्याशी ठेवलं आणि स्कूटर घेऊन घरी आले. मला काही बोलले नाहीत. मला कळलं ते दोन दिवसांनी. माझ्याकडे ब्लाउज शिवणारी एक बाई त्याच कॉलनीत राहते. तिने जरा चाचरत मोबाईल पुढे केला. कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज होता: गुरुजी गरजेपेक्षा जास्त सामान सांगतात आणि घरी नेतात, तरी सर्वांनी सावध राहावे. खाली लोकांचे अंगठे.

ठरलेल्या दोन वास्तुशांती रद्द झाल्या. मग तिसरा फोन आला, "आमचे पाहुणेच करणार आहेत, तुम्ही राहू द्या." नगर म्हणजे काही मुंबई नाही. नागापुरात शिंकलं की सावेडीत ऐकू येतं. महिनाभर ह्यांचा फोन वाजला नाही. एका दुपारी बघते तर ह्यांनी पोथ्या लाल फडक्यात बांधून कपाटावर ठेवल्या होत्या. म्हणाले, "पुण्याला भाच्याचं स्टेशनरीचं दुकान आहे. त्याला माणूस हवाय. जाईन म्हणतो." छप्पन्नाव्या वर्षी वह्या-पेन्सिली विकायला. जो माणूस कुणाच्या घरी पाण्याचा दुसरा पेला मागायला लाजतो, त्याला लोकांनी चोर ठरवलं, आणि हा मूग गिळून बसला. एवढं रडू मला सासूबाई गेल्या तेव्हाही आलं नव्हतं.

रडून झालं, मग तिडीक गेली डोक्यात. म्हटलं, उद्या सकाळी जाते त्या स्टोअरकीपरकडे. दारात उभं राहून असं सुनावते की कॉलनी ऐकेल. कोणती साडी नेसायची, कुठून सुरुवात करायची, सगळं ठरवलं.

सकाळी निघण्याआधी कुकर लावायला तांदळाचा डबा उघडला.

आमच्या घरात भात कधी एकसारखा शिजला नाही. अर्धी शितं मोकळी, अर्धी गिचका, मध्येच एखादं टणक. पोरं लहान होती तेव्हा कुरकुरायची, मी पाण्याला दोष द्यायची, कुकरच्या रिंगला दोष द्यायची. त्या सकाळी मूठभर तांदूळ तळहातावर घेतले आणि बघत राहिले. आखूड कोलम, लांबडा बासमती, वासाचा आंबेमोहर, रेशनचा जाडा. सहा घरांचे तांदूळ होते माझ्या तळहातावर. तीस वर्षांत मी तांदूळ विकत आणलेलाच नव्हता. आतल्या खोलीत एक बॅग होती ब्लाउजपीसनी भरलेली, आणि तोच पीस एका ओटीतून दुसरीत फिरत असायचा. दर आठवड्याला नारळाच्या वड्या व्हायच्या. बोटभर पट्टी परत करणारी मी, आणि माझा डबा हा असा.

पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. नेसलेली साडी सोडली, गाऊन घातला आणि ह्यांच्या समोर जाऊन बसले.

"वास्तुशांतीला खरे तांदूळ किती लागतात?"

हे जरा विचारात पडले. "दीड किलो. वाटीबिटीने सांडले तर पावणेदोन."

"मग यादीत पाच का?"

"बाबांची यादी आहे ती."

बाबा म्हणजे माझे सासरे. ते कोल्हारला पूजा सांगायचे. प्रवरेच्या काठची घरं, धान्याला तोटा नाही. तिथे उरलेले साडेतीन किलो म्हणजे गुरुजींचा शिधा, हे घरातल्या लहान मुलालासुद्धा ठाऊक असायचं. यजमानीण स्वतः पिशवी भरून द्यायची, वर चार वांगी टाकायची. त्यात चोरी नव्हती, लपवणं नव्हतं, तो पगाराचाच भाग होता. आम्ही नगरला आलो, यादी सोबत आली आणि तिच्यामागचं बोलणं कोल्हारलाच राहिलं. नागापूरच्या माणसाला वाटायचं की देवालाच पाच किलो लागतात. त्याने विश्वासाने पाच किलो आणले. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं, तर तो तरी काय समजणार?

मी ह्यांना म्हटलं, "तो माणूस दारात बोलला ते वाईटच. पण तो खोटं नाही बोलला."

ह्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "नाही बोलला."

त्याच दुपारी मी माझं चिठ्ठीबुक काढलं. म्हटलं, ब्लाउजची करते तशी पूजेची चिठ्ठी करू. काय लागतं, किती लागतं, कशासाठी लागतं, सगळं. हे चिडले. ह्यांचं चिडणं म्हणजे आवाज आणखी खाली जातो. "मी काय हॉटेल आहे, मेनूकार्ड घेऊन फिरायला?"

"हॉटेलवाल्याला कुणी चोर म्हणत नाही," मी म्हटलं. जरा जास्तच लागलं ते, पण बोलून गेले.

हे उठून गेले. पाच मिनिटांनी पाणी पिऊन आले आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागले. मी 'नारळ अकरा' लिहिलं होतं. "पाच," हे म्हणाले. "कलशाचा एक, गणपतीचा एक, ओटीचा एक, पूर्णाहुतीचा एक, आणि एखादा नासका निघतो म्हणून एक." मी लिहिलं. सुपाऱ्या एकवीस पुरतात. ब्लाउजपीस दोनच. तूप अर्धा किलो, त्यात काटछाट नको, हवन अडतं. समिधा आम्ही आणू, त्याचे वेगळे पैसे. वास्तूची प्रतिमा सोनाराकडून तुम्हीच आणा, म्हणजे वजन तुमच्या डोळ्यांसमोर. मला अपेक्षा नव्हती, पण ह्यांना त्यात गोडी लागली. प्रत्येक वस्तू कशासाठी ते सांगताना माणूस खुलला. महिन्याभरात एवढं बोलले नव्हते. हवनाला मदतीला येणाऱ्या सोबतच्या गुरुजींचे किती तेही स्वतःच सांगितलं: पंधराशे. खाली मी ठळक अक्षरात ओळ घातली: उरलेलं सर्व सामान यजमानांचं.

ती ओळ लिहिली आणि हिशेब माझ्या लक्षात आला. तांदूळ बंद, गहू बंद, नारळ बंद. मग घर चालणार कशावर? ते दक्षिणेतूनच यायला हवं. म्हणजे दक्षिणेचा आकडाही लिहायला हवा. मी पेन टेकवलं आणि विचारलं, "तुमचे किती?"

हे उठले. "तेवढी ओळ सोड." आणि आत जाऊन पडले. मी खूप डोकं आपटलं. गोडीने सांगितलं, भांडून सांगितलं, एक वेळ जेवले नाही. ह्यांचं एकच, "आकडा नको." तो कागद आज दोन-तीन गुरुजी आमच्याकडून मागून नेतात, स्वतःचे आकडे घालून वापरतात. पण तेव्हा तो एकटाच होता आणि त्याला शेवटी हे एवढं मोठं भोक होतं.

तशाच भोकाच्या कागदानिशी मी नागापूरला गेले. त्या स्टोअरकीपरकडेच. भांडायला नाही. म्हटलं, ज्याने चूक काढली त्यालाच तपासायला देऊ. दार उघडल्यावर त्या माणसाच्या तोंडचं पाणी पळालं, त्याला वाटलं आता ही तमाशा करणार. मी कागद पुढे केला. म्हटलं, "तुम्ही मालाची नोंद करणारे. ह्यात काय चुकलंय ते सांगा."

त्यांनी चष्मा लावला. ओळन्‌ ओळ वाचली. मग उठून पट्टी आणली आणि कागदाच्या कडेला एक उभी रेघ ओढली. "आमच्या स्टोअरच्या चिठ्ठीला शेवटी एक रकाना असतो," ते म्हणाले. "परत जमा. माल दिला किती, लागला किती, परत आला किती. पूजा झाल्यावर हा रकाना यजमानासमोर भरायचा आणि त्याची सही घ्यायची." मला ते पटलं. मी तसं सांगितलं. त्यांच्या बायकोने चहा आणला. चहा पिताना ते खाली बघत म्हणाले, "मी दारात बोलायला नको होतं हो. पाहुण्यांसमोर."

"आणि आम्ही न सांगता न्यायला नको होतं," मी म्हटलं. एवढंच. डोक्यावरचं ओझं निम्मं उतरलं.

त्यांनी त्या कागदाचा फोटो काढला आणि त्याच ग्रुपवर टाकला, ज्यावर तो मेसेज होता. सोबत काय लिहिलं मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. चौथ्या दिवशी ह्यांचा फोन वाजला. हे उचलेनात, मी उचलला. पलीकडे एक मुलगी होती. मुलगी म्हणजे तिशीची असेल. एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये मशीनवर काम करते, म्हणाली. माणसं जामखेडकडची, खर्ड्याजवळची. आईबापांनी सगळी उमर ऊसतोडीला घातली, आता वडील नाहीत. हिने नागापूरला घर घेतलंय आणि आईला आणून ठेवलंय.

"ग्रुपवरचं आधीचं पण वाचलंय मी, ताई," ती सरळ म्हणाली. "आणि आत्ताचा कागद पण. म्हणूनच फोन केला. मला कुणी नुसती बेरीज सांगितली की भीती वाटते. तुमच्यात सगळं फोडून लिहिलंय. पण शेवटची ओळ रिकामी का?"

मी सांगितलं, आमचे गुरुजी आकडा सांगत नाहीत.

"मग मला जमणार नाही," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "घर आईसाठी घेतलंय. तिचं आयुष्यातलं पहिलं पक्कं घर. पूजा तिलाच करायचीय. तिच्यासमोर बसून सगळं सांगा, आकड्यासकट. तिला पटलं तर करू."

फोन ठेवून मी आत गेले. हे सगळं ऐकत होते, आमचं घर काही फार मोठं नाही. मी म्हटलं, "एवढं एक घर. नाही जमलं तर पुण्याला जा, मी अडवणार नाही. स्वतः डबा भरून देईन." तो रविवार होता. संध्याकाळी ह्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, स्कूटर काढली, मी मागे बसले.

घर नवं कोरं होतं. रंगाचा वास, फरशीवर अजून पांढरी पावडर. आई भिंतीला टेकून बसली होती. काटक बाई, चेहरा उन्हाने रापलेला, उजव्या तळहाताला कोयत्याचे घट्टे. उठून उभी राहिली, ह्यांना नमस्कार केला आणि आपल्या समोरच बसायला सांगितलं. मुलीने कागद वाचून दाखवला. म्हातारीला वाचता येत नाही, पण ऐकताना एक शब्द निसटला नाही. मध्येच थांबवायची. "तूप अर्दा किलो कशाला?" हे सांगायचे. "उरल्यालं आमाला परत? समदं?" हे म्हणायचे, "सगळं." ती मान हलवायची. वाचून संपलं. मुलगी रिकाम्या ओळीपाशी थांबली.

म्हातारीने ह्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, "अन् तुमची मजुरी किती?"

माझ्या अंगावर काटाच आला. मजुरी? सासरे असते तर तिथून उठून चालू लागले असते. मुलगीही ओशाळली. "आई, दक्षिणा म्हणायचं."

"त्येच गं," म्हातारी म्हणाली. नजर ह्यांच्यावरून हलली नाही.

"तुमची इच्छा असेल..." ह्यांनी सुरुवात केली.

"माजी इच्छा कशाला? काम तुमी करनार. तुमी सांगा."

हे फरशीकडे बघायला लागले. घामाचा एक थेंब कानशिलावरून उतरला, तो मी बघितला. शेवटी म्हणाले, "दोन हजार द्या."

"संगं येनाऱ्या मानसाला त्यातलंच?"

"हो. पंधराशे."

"म्हंजी तुमाला पाचशे. अन् येळ किती जातोय?"

"पूजेचे चार तास. आदल्या दिवशी मांडणीची तयारी."

"भागतंय का एवढ्यात तुमचं?"

मला बोलायचं होतं. तीस वर्षांचं साठलेलं होतं माझ्याकडे, सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं. मी पदराचं टोक दाताखाली धरून बसले. मुलीने उठून पंखा वाढवला.

मग हे म्हणाले, "नाही. नाही भागत."

लग्न झाल्यापासून हे वाक्य मी ह्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. माझ्यासमोरसुद्धा कधी म्हणाले नव्हते.

म्हातारी जरा पुढे सरकली. "मंग खरं सांगा की. आमचा एक मुकादम हुता. लई गोड बोलायचा. म्हनायचा, तुमच्याकडनं मला जास्त काय बी नको. अन् मागनं वजनात काढायचा. पाच वर्सं आमाला कळलं न्हाई. तवापासनं कोन कमी सांगाया लागलं की मला लई भ्या वाटतं. ह्यो कुटनं तरी काढनारच, असं वाटतं."

ती बोलली ते काही आम्हाला लावून नव्हतं. तिला आमच्या डब्यातल्या तांदळाचं काय माहीत? पण ह्यांनी मान वर केली आणि आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. मला वाटलं आता उठतील. ह्यांनी खिशातलं पेन काढलं, मुलीच्या हातातला कागद घेतला, मांडीवर ठेवला.

"साडेचार हजार," हे म्हणाले. आवाज बारीक होता, पण फुटला नाही. "पंधराशे सोबतच्या गुरुजींचे. तीन हजार माझी मजुरी." आणि तेवढंच त्या ओळीत लिहिलं. 'दक्षिणा' शब्दाखाली, स्वतःच्या अक्षरात, आकडा आणि पुढे अक्षरी.

म्हातारीने बोटांवर काहीतरी मोजलं. ओठ हलत होते. आम्ही दोघं तिच्या बोटांकडे बघत बसलो होतो. मग तिने हात झटकला.

"बराबर हाय," ती म्हणाली. "एवढं सांगाया एवढा येळ? आमी काय खातो व्हय तुमाला?"

आणि मुलीला चहा टाकायला सांगितला. हे हसले. नुसते हसले नाहीत, डोळ्यांना पंचा लावून हसले, आणि मग बराच वेळ तो पंचा तसाच डोळ्यांना राहिला. इतकी वर्षं मी समजत होते की ह्या माणसाला आपल्या कामाचं मोल कळत नाही, आणि त्यावरून मी त्याला किती बोलले होते. त्याला ते रुपयापर्यंत ठाऊक होतं.